ओल्यातच

दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा सूक्ष्मदर्शक
पंचात गुंडाळून पळसटोल्याला आणला, सायकलवरून,
हेडमास्तरांना न सांगता.
पंचफुलाबाईंच्या शेडमध्ये तणसाच्या पिशव्या टांगलेल्या,
चाळीस, आणि एक फाटकी.
आत धिंगरीची बुरशी, विरजण लागल्यासारखी.

काचेवर एक धागा, थेंबभर पाणी, वर पातळ काच.
बाई वाकल्या, पदर दातांत.
मग शेळ्यांना पाला टाकून आल्या, पुन्हा वाकल्या.
"सरकला हो."
सरकला नाही, वाढला. फक्त टोकाशी.
मागचं सगळं जिथल्या तिथे.

आतल्या पाण्याचा रेटा चहूकडून सारखाच,
पण मागची भिंत पक्की झालेली,
टोकाशी तेवढी ओली,
म्हणून फुगा होत नाही, दोरा होतो.
टोकाच्या जरा आत एक गर्द ठिपका असतो.
भिंतीचं सामान पुडक्यापुडक्यांनी
तिथे येऊन थांबतं, तिथून पुढे लागतं.
ठिपका डावीकडे कलला
की मागोमाग धागा डावीकडे.
(शाळेच्या यंत्रातून ठिपका दिसत नाही.
हे मी बाईंना सांगितलं नाही.)

"मंग हे तं आमचंच काम," बाई म्हणाल्या.
पंधरा वर्षं लोकांच्या घरांच्या भिंती घातल्या त्यांनी.
"हातभर भीत घालाची, वारू द्याची, मंग वरचा थर.
वाकडी गेली तं ओल्यातच सरकवाची.
वारल्यावर कोनाच्या बापाची आयकत नाही."

मग बराच वेळ काहीच नाही.
रस्त्यावर कुणीतरी धानाचं पोतं आपटलं.

"मांगं फिरता येते का याले?"
नाही, म्हणालो.
एखाद्या जागी पक्की भिंत नरम पाडतो,
तिथून नवी फांदी काढतो.
"कोठून काढाची, कोन सांगते?"
यावर पुस्तकात दीड पान आहे,
आणि त्यात सात वेळा "बहुधा".

बाई उठल्या.
फाटक्या पिशवीतून अळिंब्या निघालेल्या,
दांड्या टिनाच्या भोकाकडे वळलेल्या,
जिथून रुपयाएवढं ऊन येतं.
कोपऱ्यातल्या पिशवीत नुसत्याच लांब दांड्या,
डोक्यावर बटणाएवढी टोपी.
"हिले हवा नाही भेटली," बाई म्हणाल्या,
आणि आधी ती कापली.

सोमवारी शाळेत काच धुवायला घेतली.
धागा वाळलेला. काचेच्या कडेशी येऊन
दोन फाटे फुटलेले, एक आखूड.
टोकंही आता पक्की.