पाचवं दुकान

नियम साधे आहेत, मॉर्वेन म्हणाली गाडीत,
हीटरचं बटण फिरवत:
खोटं बोलायचं नाही.
वय विचारलं तर खरं सांगायचं, पंधरा.
ओळखपत्र मागितलं तर नाही म्हणून निघून यायचं.
मेकअप नको, आर्जवं नकोत.
आहेस तश्शी आत जा.

आहे तश्शी म्हणजे
निळा अनोरॅक, दातांना तार,
हनुवटीवर कालच उगवलेला फोड,
आणि खिशात कौन्सिलनं नंबर टिपून घेतलेली
दहा पौंडांची नोट.

एल्गिनमध्ये मला ओळखतात,
म्हणून इतक्या लांब, फ्रेझरबर्गला,
जिथे समुद्र दिसायच्या आधी मासळी नाकात शिरते
आणि सीगल माणसांच्या हातातले चिप्स
हक्कानं उचलून नेतात.

पहिल्या दुकानात आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"तू शाळेत असायला हवीस."
शनिवार होता. मी काही बोलले नाही.
दुसऱ्यानं नुसतं पाटीकडे बोट केलं.
तिसऱ्यात कपाटाला कुलूप, आणि किल्लीवाला जेवायला गेलेला.
चौथ्यातला मुलगा माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठा.
नाही जमणार म्हणाला
आणि कानापर्यंत लाल झाला.

बरं वाटलं मला. खरंच.
वाटलं, मोठी माणसं आहेत अजून जागेवर.

फिनले तेरा वर्षांचा आहे.
त्याच्या उशीला आंब्याचा वास येतो.
आमच्याकडे आंबा कुणीच आणत नाही,
मी तर अजून चाखलेलाही नाही,
पण अंधारात ओळखेन.
गणिताच्या तासाला त्याच्या पोटात दुखतं, रोज, वीस मिनिटांनी.
शाळेनं मुलांच्या संडासाचं बाहेरचं दार
बिजागऱ्यांसकट काढून नेलंय.
आईला एकदा सापडलं त्याच्या जॅकेटमध्ये.
तिला वाटलं हायलायटर.
तिनं ते पुसून नीट कंपासपेटीत ठेवलं.

पाचवं दुकान.
काउंटरवर गोळ्यांच्या बरण्या,
मागच्या फळीवर तेच रंग, तीच फळं, फक्त उंचावर.
बाईच्या छातीवर नाव लिहिलेलं, रोना.
खांदा आणि कानाच्या मध्ये फोन:
"ताप उतरला नाही तर परत दे... नाही, निळी बाटली,
वरच्या फळीवर. मी सहाला सुटते."

ब्लू रास्पबेरी, मी म्हटलं. आवाज चिरकला.
तिचा हात न बघता मागे गेला,
अंधारात घरातला दिवा लावायला जातो तसा.
मग तिनं पाहिलं माझ्याकडे. चांगलं निरखून.
विचार ना, मी मनात म्हटलं. विचार.
एकच शब्द आहे,
गालात गोळी धरावी तसा धरून उभी आहे मी.

"चेन लाव गं अनोरॅकची," ती म्हणाली,
"बाहेर वारं सुटलंय."
आणि सुटे पैसे तळहातावर ठेवून
माझी बोटं मिटवली तिनं,
एकेक, लहान मुलाची मिटवतात तशी.

मॉर्वेननं पारदर्शक पिशवी चिकटवली,
वेळ लिहिली, दोन वाजून सतरा मिनिटं,
आणि आत गेली.
काचेतून दिसलं, रोना आधी हसली.
मग फोन कानापासून खाली घेतला.
दुकानाचा मालक ॲबर्डीनला राहतो म्हणे.

"तू काही चूक केलेली नाहीस,"
मॉर्वेन परत येताच म्हणाली.
मी विचारलं नव्हतं.

रस्ताभर गाडीत उकडत होतं
आणि माझी चेन गळ्यापर्यंत लावलेली.
खोटं बोलले नाही मी. एकदाही नाही.
मला तर कुणी बोलूच दिलं नाही.

घरी फिनले जिन्यात बसलेला, गुडघ्यात मान घालून.
"कुठे होतीस?"
या पायरीवरचे नियम मला कुणी सांगितले नव्हते.
बसले त्याच्या शेजारी. आंबा.
"वय काय तुझं?"
"येडी झालीस का?"
"सांग ना."

त्यानं बाही नाकावरून फिरवली.
खाली स्वयंपाकघरात किटलीनं शिट्टी धरली
आणि आईनं ती बंद केली,
तेवढ्यात, माझ्याकडे न बघता,

"तेरा," तो म्हणाला.