मधला टप्पा

चांदिवलीला, तिसऱ्या मजल्यावर,
एसीच्या घरघरीत
माझा भाड्याचा सर्व्हर जागा असतो.
कोण बोलतंय, त्याला ठाऊक नाही.
कुणाशी, तेही नाही.
आधीचा हात, पुढचा हात,
एवढीच त्याची जगाशी ओळख.

सेटिंगच्या फाइलीत टोपणनाव हवं होतं.
मी लिहिलं: नलूताई.
आमच्या शेजारच्या. गावदेवीच्या टेलिफोन एक्स्चेंजात
तीस वर्षं टोकाला टोक जोडत बसलेल्या.
"ऐकू यायचं का हो?"
"यायचं की. आपण ऐकायचं नसतं."

त्याला तर तेही येत नाही.
या महिन्यात चार टेराबाइट कुजबुज
माझ्या दारावरून गेली,
उंबऱ्यावर पाऊल उमटलं नाही.

बायको विचारते, मिळतं काय यातून?
मी कांदा सोलतोय.
अजून दोन पापुद्रे आहेत.