दोन हजार डॉलर

नेब्रास्का. फेब्रुवारी. लुथरन चर्चच्या तळघरात
आम्ही चौघं, कॉफीचं पिंप,
आणि अकरा अर्ज.
दर वर्षी एकालाच मिळतात दोन हजार डॉलर,
ज्याला वृद्धाश्रम चालवायला शिकायचंय त्याला.

चालवायला म्हणजे
नुसता म्हाताऱ्यांचा हात धरायला नव्हे.
कुणाला रात्रपाळी, कुणाला रजा,
पैसे एकाचेच असले तर
आधी छप्पर की आधी नर्स,
आणि तपासनीस येणार त्या सकाळी
नेमकं कोण आजारी पडणार,
हे आदल्या दिवशीच ओळखायला.
एकतीस वर्षं मी हेच केलं.

या कामाचं स्वप्न कुणाला पडत नाही.
शाळेत पोरं सांगतात, पायलट होणार, गुरांची डॉक्टर होणार.
वृद्धाश्रमाची व्यवस्थापक होणार म्हणणारं पोर
मला अजून भेटायचंय.
माणसं इकडे आडवाटेनं येतात,
बहुधा कुणाच्या तरी उशाशी बसून बसून.

पैसे व्हर्ना ह्रुस्काच्या घराचे.
सात वर्षं बावीस नंबरच्या खोलीत होती.
रोज काठी टेकत माझ्या ऑफिसात यायची,
सूप गार होतं, एवढंच सांगायला.
गेली, तेव्हा मृत्युपत्रात एक ओळ निघाली:
घर विकून येईल त्यातून कुणाला तरी शिकवा,
सूप गरम कसं पोचवायचं ते.
वकिलानं त्याची शिष्यवृत्ती केली.

ड्वेन पेन्सिलीनं खुणा करतोय.
दहा अर्जांपैकी नऊ जणांकडे करुणा आहे,
एकाकडे दूरदृष्टीसुद्धा.
पास्टर मान डोलावतात. बार्ब जांभई गिळते.
तुम्हाला या क्षेत्रात का यायचंय? शब्दमर्यादा पाचशे.
सगळ्यांनी पाचशे भरलेत, काठोकाठ.

अकरावा अर्ज येसेनिया बारिएंतोसचा.
वय चौतीस. साहाय्यक, कायम रात्रपाळी, नऊ वर्षं.
नवरा मांसाच्या कारखान्यात, दिवसपाळी.
किल्ल्या दारात बदलत असतील दोघं.
तिनं लिहिलंय ते एवढंच:

"पहाटे चारला आम्ही दोघी, माणसं चाळीस.
चौदा नंबरच्या बाईंची बेल वाजली.
मी नऊ नंबरपाशी होते, ते पडले होते.
वीस मिनिटांनी पोचले, तर बाई म्हणाल्या,
काही नको गं, कुणी आहे का ते पाहत होते.
तिसरं माणूस हवं होतं.
मी विचारलं, दोनच का?
म्हणाले, ते तक्त्यात ठरतं.
मी विचारलं, तक्ता कोण ठरवतं?
म्हणाले, त्यासाठी शिकावं लागतं.
म्हणून हा अर्ज."

खाली साल लिहिलंय.
त्या साली तक्ता मीच ठरवायचे.
तो दोनचा आकडा माझ्या हातचा,
शेपटी जरा लांब, पहिलीतल्या बाईंनी शिकवली तशी.

या अर्जावर मी मत देणार नाही, म्हणाले.
ड्वेननं चष्म्यावरून पाहिलं. नात्यातली आहे?
नाही.
मग ओळखीची?
नाव पगाराच्या यादीत रोज बघायचे.
एवढ्याला ओळख म्हणतात की नाही, मला ठरवता येईना.
तू लिहून घे, मी म्हटलं, कारण: वैयक्तिक.

कोट घालून वर आले.
धान्याच्या कोठारावरचा लाल दिवा,
बर्फ ढकलणारी गाडी, तिच्यात
मला न ओळखणारा कुणीतरी तरुण.
खाली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग शांत.
तिघांचीच मतं. मोजायला कितीसा वेळ.

रस्त्यापलीकडे आमची जुनी इमारत.
पहाटेचे नाहीत, संध्याकाळचे साडेसहा;
जेवणाच्या गाड्या आता निघाल्या असतील,
झाकणं नीट लावली असतील किंवा नसतील.

त्या वर्षी पैसे एकाचेच होते.
मी छप्पर निवडलं.
इथून दिसतंय, वीतभर बर्फाखाली.
अजून गळत नाही.