टेबल

माझगावच्या शाळेत हेडमास्तर माईक खाली ओढतात,
"कुबल आजोबांनी शरणागती प्रत्यक्ष पाहिली आहे.
आजोबा, सांगा मुलांना."

पाहिली, बाळांनो.
सन पंचेचाळीस, पावसाळ्याची अखेर,
मलायातलं एक बारकं बंदर.
मी नेव्हीत सिग्नलमन, त्या दिवशी मात्र हमाल,
कारण हुकूम आला : टेबल आणा.
मी नि रत्नागिरीचा इस्माईल होडेकर
धक्क्यामागच्या शाळेत शिरलो.
तिथल्या चिनी मास्तरानं एक दिलं
आणि खुणेनं विचारलं, परत आणाल ना?
इस्माईलनं छातीवर हात ठेवला.

शाईचे डाग होते त्याच्यावर,
कडेला कुणा पोरानं ब्लेडनं कोरलेली होडी.
वर हिरवं कापड पडलं, होडी झाकली.
एक पाय आखूड.
साहेब यायच्या आत मी सिगारेटचं पाकीट
दुमडून दुमडून खाली सारलं.
इतिहासात माझा हात लागला तो एवढाच.

मग ते आले, ओळीनं.
बँड नव्हता. धक्क्याच्या खांबांत पाणी
चुबुक चुबुक करत होतं.
आमचा वसईचा पेद्रू त्यांच्या टॉर्पेडोनं नेलेला,
मी ठरवलं होतं, थुंकायचं.
तोंडात गोळा करून उभा होतो.

त्यांच्यातला एक, बुटका,
चष्म्याची एक काच तडकलेली,
त्यानं तलवार टेबलावर ठेवायच्या आधी
अंगठ्यानं तिची मूठ पुसली.
एकदाच.
परक्याच्या कडेवर पोर देताना
आई त्याचं नाक पुसते ना, तसं.

मी गिळलं.

पोरं टाळ्या वाजवतात. हेडमास्तर घड्याळ बघतात.
इथं थांबायचं असतं, मला माहीत आहे.
आपण जिंकलो, इथं.

दुसरी शरणागती कुणी विचारत नाही.
ती इथून चालत जायच्या अंतरावर झाली,
पुढल्याच फेब्रुवारीत.
सडकी डाळ, शिव्या, आणि मग एका सकाळी
आम्हीच जहाजावरचा त्यांचा झेंडा उतरवलेला.
अपोलो बंदरावर लोक टोपल्या घेऊन आले होते,
पाव, केळी, कुणाकुणाच्या घरची भाकरी.
पाच दिवस.
मग निरोप आला : काळं निशाण चढवा.

निशाणांच्या कपाटात सगळी अक्षरं असतात,
आकडे असतात, रोगराईचं असतं, पायलट पाहिजे त्याचं असतं.
काळं नसतं.
शेवटी इस्माईलनं खिडकीचा ब्लॅकआऊटचा पडदा फाडला,
युद्धात उजेड बाहेर जाऊ नये म्हणून लावलेला.
गाठ मीच मारली. हात शिकलेले होते, चुकले नाहीत.

टेबल नव्हतं. फोटो नव्हता.
एका गोऱ्या पोरसवदा अधिकाऱ्यानं
माझा सिग्नलचा दिवा मागितला.
मी देण्याआधी बाहीनं काच पुसली,
आणि पुसताना
तो तडकलेला चष्मा आठवला.

पुढं बिनपेन्शनचा कागद,
मालवणपर्यंत बोटीचं तिकीट.
इस्माईल मुलुंडच्या छावणीतून सुटला
तो थेट रत्नागिरीला. पत्र नाही.
मी परत आलो, गोदीत रंगारी झालो,
चाळीस वर्षं दुसऱ्यांची जहाजं करडी केली.

"कुणाला काही विचारायचंय?"
मागच्या बाकावरनं एक मुलगी उठते,
रिबीन सुटलेली.
"आजोबा, मग ते टेबल परत दिलं?"

पंखा फिरतो.
संध्याकाळीच नांगर उचलला होता आम्ही.
टेबल धक्क्यावर राहिलं,
हिरवं कापड तेवढं कुणीतरी काढून नेलेलं,
होडी उघडी.

नाही, म्हणतो मी,
नाही दिलं.
माईक बंद झालेला असतो,
तरी तिला ऐकू जातं.