कानोसा

जुगो वारा सुटला की स्प्लितच्या बंदरात
साखळ्या कुरकुरतात. गंजल्यात.
त्यांना खाणारा प्राणवायूच
ही पोरं छातीशी बांधून
पाच-सहा मीटर खाली उतरतात,
एक बुडबुडा वर न सोडता,
उशिरा घरी येणारा चपला हातात घेतो तशी.

माझं काम वर, जाड भिंतींच्या खोलीत.
कानात मऊ बोळा, त्यात बारीक नळी.
मी टिकटिक पाठवते आणि गप्प राहते.
कान नुसता ऐकत नसतो.
आतल्या शंखात पेशी डोलतात
आणि तो उलट काहीतरी पुटपुटतो,
इतकं हळू की मालकालाही पत्ता नसतो.
त्याचा मी कानोसा घेते.
तेवीस वर्षं. पगार बेताचा.

"काय म्हणतोय माझा कान?"
याक्शा दर खेपेला विचारतो.
मला कुठे ऐकू येतं! मला रेघ दिसते.

या हिवाळ्यात नंबर घातलेली पाकिटं आली.
कुणाच्यात क आणि ई जीवनसत्त्व,
कुणाच्यात साधं पीठ.
कुणाच्या वाट्याला काय, मलाही माहीत नाही.
जगवणाऱ्या वायूची धार म्हणे त्याने बोथट होते.
म्हणे.
म्हणून तर मोजायचं.

पाण्यातून आलेल्या रात्री
मधल्या कानात उरलेला वायू
रक्त गुपचूप पिऊन टाकतं.
सकाळी पोरं दडे बसलेल्या कानांनी उठतात,
जांभया देतात, आवंढे गिळतात,
मग टक्‌ होतं कुठेतरी,
आणि कॉफीच्या भांड्याला आवाज येतो.

आठव्या आठवड्यात
बुटाची नाडी सोडता सोडता याक्शा म्हणाला,
एकही गोळी घेतली नाही.
सगळ्या क्रापान्यला पाठवल्या, बापाला.

बार्तुलने चाळीस वर्षं तळातून स्पंज काढले.
आता त्याच्याशी बोलायचं तर
खांद्यावर थाप मारून आधी समोर यावं लागतं.

मी चिडले. चौदा नंबर बाद.
डॉक्टर इव्हान्का काय म्हणतील, कागद कुणी भरायचे,
सगळं बोलून घेतलं.
तो मान खाली घालून ऐकत होता.
चांगलं ऐकू येत होतं त्याला.

पुढच्या गुरुवारी म्हातारा स्वतः आला,
बोटीतून, पिशवीत संत्री घेऊन.
नियमात बसत नव्हतं. मी दार लावलं,
नळी बसवली, टिकटिक पाठवली.
रेघ सपाट. पुन्हा पाठवली. सपाट.
पडदा त्याच्याकडे फिरवला.
त्याने चष्मा पुसून नीट पाहिलं
आणि खोलीभर ओरडून सांगितलं,
"यंत्र बिघडलंय, बाई!
गोळ्या चांगल्या आहेत. अजून पाठवा."

चौदा नंबरवर मी काट मारली,
पेन्सिलीने.
संत्री आंबट निघाली.