सत्तेचाळीस-बारा

मोथ्याच्या पठारावर धुकं बसलं
आणि तीन दिवसांत करपा वाफ्यावाफ्यातून चालत गेला.
पाचशे रोपं. प्रत्येक वेगळं,
कारण ही डोळ्यांतून नाही, बियांतून आलेली:
चिमटीभर पराग, फुलावर कागदी टोपी,
मग कच्च्या टोमॅटोसारखं बारकं, कडू फळ.

काळ्या पानांत एकच हिरवं उभं.
पाटी पुसून वाचली, ४७/१२.
सुकय बेठेकर म्हणाली, "आलू येईन काय याले?"

आले. काट्यावर हलके, डोळे खोल,
सोलताना निम्मे सालीबरोबर जाणारे.
वहीत लिहिलं: बटाटा, नापास.
खोडलं नाही. शेजारी बारीक अक्षरात:
बाप म्हणून ठेवावा.

संध्याकाळी सुकयनं राखेत चार भाजले.
मीठ नव्हतं.
बोटं झटकत, फुंकर मारत म्हणाली,
"नंबर नोको सांगू, सायेब. नाव सांग."

नाव ठेवायला अजून नऊ वर्षं आहेत,
तेही पुढच्या धुक्यातून वाचला तर.

मी तोंड भरलेलं असल्याचं दाखवलं.
खरंच भरलेलं होतं.
मातीची, धुराची, किंचित गोड चव,
जिच्यासाठी वहीत रकाना नाही.