बगळा, वेगळा

शीतलामाता बाजारात दिवसभर
मी थान उलगडतो, मीटर मोजतो, हिंदीत.
रात्री नऊला परदेशीपुऱ्यातल्या खोलीत
रेवा पुस्तक उघडून बसलेली असते.
बारा पानं, जाड पुठ्ठा, पुण्याच्या बहिणीने पाठवलेलं.
कोपऱ्यावर वरणाचा डाग, तो आमचा.

खेळ असा:
ओळीचा शेवटचा शब्द मी अंगठ्याखाली दाबतो,
ती तो ओळखते.
'आजोबांची लोकरी टोपी,
मनी गेली टोपीत...'
'झोपी!'
अंगठा उचलायची गरजच नसते.
तिला आधीच ऐकू येतं,
जिन्यात आईची पावलं येतात तसं.

बायको म्हणते, ही वाचत नाही, ऐकते.
मी तरी कुठे वाचतो?
शाळेत मला मराठी नव्हतीच.
अक्षरं तीच, म्हणून निभावतं.

मंगळवारी सातवं पान.
'तळ्यात उभा एक बगला'
असंच वाचलं मी. जीभ अजून दुकानातच होती.
'छत्री धरतो, म्हणून...'
'पगला!' रेवा ओरडली.
जुळत होतं. चोख जुळत होतं.
मी अंगठा काढला.

ती थांबली.
छत्रीवाल्या चित्राला सोडून
ती पहिल्यांदाच अक्षराकडे बघत होती,
गिऱ्हाईक नख लावून काठ बघतं तशी.
'बाबा, हा प नाहीये.
व आहे. डोक्यावर मात्रा. वे. ग.'
मग बोट अडलं
त्या चष्म्यासारख्या अक्षरावर.
'हा तर वरच्या ओळीतही आहे.
तिथे तू ल का म्हणालास?'

काय सांगणार.
दोघं आरशासमोर उभे राहिलो,
जीभ मागे वळवली, टाळूला लावली, सोडली.
ळ. ळ. पुन्हा ल. ळ.
बायको पोळ्या लाटता लाटता हसत होती.
ती साताऱ्याची, तिला हे फुकटात मिळालेलं.

रविवारी रेवा स्कूटरवर पुढे उभी.
चौकात पाटी: मालवा मिल.
'यांचं चुकलंय,' ती म्हणाली, 'माळवा पाहिजे.'
मी म्हटलं, चुकलं नाही गं, त्यांचं वेगळं आहे.
पटलं नसावं.
सिग्नल सुटेपर्यंत जुळवत राहिली:
मीळ, तीळ, पीळ, शीळ.
'बाबा, शीळ म्हणजे?'
मी वाजवून दाखवली.
शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला.